माहीमच्या उपसागरावरील सेतू : इतिहास, रचना व वर्गपाठ

पूल ही ग्रामीण विद्यार्थ्याच्या नित्य परिचयाची वस्तू आहे. गावच्या ओढ्यावरील फरशी, शेताकडे नेणारा लाकडी साकव, तालुक्याच्या रस्त्यावरील नदीचा दगडी पूल यांपैकी एखादा तरी प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. पूल म्हणजे काय, असे विचारले असता ‘ज्यावरून पलीकडे जाता येते तो पूल’ असे उत्तर मुले तत्काळ देतात. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अर्धे आहे. पुलाला वर जशी वाट असते तशीच खालीही असते. वरून माणसे, गुरे व वाहने जातात. खालून पाणी, गाळ, मासे आणि होड्या जातात. या दोन्ही वाटा मोकळ्या राहतील अशा बेताने जो बांधला जातो तो पूल चांगला, हे उत्तराचे दुसरे अर्ध होय. पहिले अर्ध मुलांना सांगावे लागत नाही. दुसरे मात्र शिक्षकाने दाखवून द्यावे लागते.

ही गोष्ट समजावून देण्यास मुंबईतील माहीमच्या उपसागराचे उदाहरण फार उपयोगी आहे. या पाण्यावर १८४५ साली एक मार्ग झाला आणि २००९ साली दुसरा. दोहोंमध्ये १६४ वर्षांचे अंतर आहे. दोहोंची रचना, खर्च आणि उपयोग यांत मोठा भेद आहे. पण दोहोंपुढे उभा राहिलेला प्रश्न एकच होता. इतिहास, भूगोल, सामान्य विज्ञान व गणित या चारही विषयांच्या पाठांत या माहितीचा उपयोग होईल.

उपसागराचे स्थान

मुंबई हे मूळचे एक शहर नसून सात लहान बेटांचा समूह होता, हे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकावरून ठाऊक असते. त्या बेटांपैकी माहीम हे उत्तरेकडील बेट. त्याच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट असून वांद्रे हे साष्टीचे दक्षिण टोक आहे. माहीम व वांद्रे यांच्या मधून माहीमची खाडी समुद्रास मिळते. विहार व पवई या तलावांच्या परिसरातून निघणारी, सुमारे १८ किलोमीटर लांबीची मिठी नदी याच खाडीत येते. खाडीच्या मुखापुढे समुद्राचा जो रुंद, वाकलेला भाग जमिनीत शिरला आहे, तो माहीमचा उपसागर. त्याच्या उत्तर टोकाला वांद्रे, दक्षिण टोकाला वरळी आणि मधल्या बाकात माहीम अशी ही रचना आहे. पश्चिमेस तो अरबी समुद्राला खुला आहे.

फळ्यावर नकाशा काढताना शिक्षकांनी या उपसागरास धनुष्याची उपमा द्यावी. वांद्र्यापासून माहीमवरून वरळीपर्यंतचा किनारा म्हणजे धनुष्याची कमान. माहीमचा कॉजवे या कमानीवरच, खाडीच्या मुखाशी, आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू हा मात्र कमानीच्या दोन टोकांना जोडणाऱ्या दोरीसारखा उघड्या पाण्यावरून गेलेला आहे. हा एक भेद नीट ध्यानात आला, की पुढील सर्व माहिती सोपी होते.

या किनाऱ्यावर तीन जुने किल्ले आहेत : वांद्र्याचा, माहीमचा व वरळीचा. तीन किल्ले इतक्या जवळजवळ का असावेत, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. त्याचे उत्तर असे, की ही खाडी दीर्घकाळ दोन सत्तांमधील सीमा होती. १६६८ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. परंतु साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांनी जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तोपर्यंत माहीमच्या बाजूस एक राज्य व वांद्र्याच्या बाजूस दुसरे राज्य होते. दोन्ही तीर एका सत्तेखाली येईपर्यंत येथे पूल बांधण्याचा विचारही संभवत नव्हता. पूल बांधण्यास दगड-चुना जसा लागतो तशी दोन्ही काठांवरील शांतताही लागते, हे या इतिहासावरून विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देता येईल.

माहीमचा कॉजवे

सीमा नाहीशी झाली तरी पाणी राहिलेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीव व कुर्ला यांच्या दरम्यान एक बांधीव मार्ग तयार झाला होता. परंतु वांद्र्याच्या माणसास तो वळशाचा होता. वांद्र्याहून मुंबईत भाजीपाला, दूध किंवा मासळी घेऊन येणाऱ्यास होडीनेच खाडी ओलांडावी लागे. पावसाळ्यात मिठीचा लोंढा व समुद्राची भरती समोरासमोर येत. अशा वेळी होड्या उलटून माणसे प्राणास मुकत. सरकारकडे मागणी होऊनही खर्चाच्या सबबीवर काम पुढे जात नव्हते.

अशा स्थितीत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई जमशेटजी यांनी या कामासाठी सुमारे १,५७,००० रुपयांची देणगी दिली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. या मार्गावरून जाणाऱ्यांकडून पथकर घेतला जाऊ नये, अशी अट त्यांनी घातली होती, असे सांगितले जाते. १८४५ मध्ये हा मार्ग लोकांस खुला झाला. माहीममधून जाणाऱ्या मुख्य रस्त्यास आजही लेडी जमशेटजी यांचे नाव आहे. एका स्त्रीच्या दानशूरतेतून सर्वांस विनामूल्य पार जाण्याची सोय झाली, ही गोष्ट मूल्यशिक्षणाच्या तासालाही सांगण्याजोगी आहे.

‘कॉजवे’ हा शब्द आता मराठीत रूढ झाला असला तरी त्याचा अर्थ विद्यार्थ्यांस स्पष्ट करून द्यावा. पुलाचा मार्ग खांबांवर किंवा कमानींवर उचललेला असतो आणि त्याखालची बहुतेक जागा मोकळी असते. कॉजवेमध्ये पाण्यात दगड-मातीचा भराव घालून बांध उभारतात, त्यावरून रस्ता नेतात आणि पाणी जाण्यासाठी मध्ये ठरावीक ठिकाणीच गाळे ठेवतात. असा मार्ग कमी खर्चात, साध्या साधनांनी व उथळ पाण्यात बांधता येतो. त्या काळात वाफेची यंत्रेही दुर्मिळ होती. म्हणून हीच रीत सोयीची होती. तिचा दोष एवढाच, की भरावाने अडविलेली पाण्याची वाट पुन्हा आपोआप रुंद होत नाही. या दोषाचा विचार पुढे येईल.

अपुरी पडलेली वाट

कॉजवे झाला तेव्हा त्यावरून पादचारी, बैलगाड्या व घोडागाड्या जात. त्यानंतर काही दशकांतच शेजारून रेल्वेचा पूल झाला आणि साष्टीतील खेडी हळूहळू मुंबईची उपनगरे बनली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम उपनगरांतून दक्षिण मुंबईकडे जाणारी बहुतेक मोटार वाहतूक याच अरुंद वाटेवर येऊन साचू लागली. माहीमच्या नाक्यावर वाहनांच्या रांगा लागणे हा नित्याचा प्रकार झाला.

पश्चिम किनाऱ्यालगत एक जलद मार्ग असावा ही कल्पना १९६० नंतरच्या दशकातच वाहतूक-तज्ज्ञांच्या अभ्यासात मांडली गेली होती. प्रत्यक्ष कामास मात्र बराच अवधी लागला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना १९९६ मध्ये झाली व हे काम त्या संस्थेकडे आले. १९९९ मध्ये सेतूची कोनशिला बसविण्यात आली. तेव्हा अंदाज असा होता, की सुमारे ६६० कोटी रुपये खर्चून पाच वर्षांत काम पुरे होईल. प्रत्यक्षात दहा वर्षे लागली आणि खर्च सुमारे १,६०० कोटी रुपयांवर गेला. न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिका, आराखड्यातील बदल आणि दरवर्षी पावसाळ्याचे चार महिने खवळलेल्या समुद्रात काम करण्याची अडचण ही या विलंबाची काही कारणे होत. ३० जून २००९ रोजी सेतूच्या आठ मार्गिकांपैकी चार खुल्या झाल्या. उरलेल्या चार २४ मार्च २०१० रोजी खुल्या झाल्या. या सेतूचे अधिकृत नाव राजीव गांधी सागरी सेतू असे आहे. जोडरस्त्यांसह त्याची लांबी सुमारे ५.६ किलोमीटर आहे. माहीमच्या नाक्यावरून जाण्यास पूर्वी अर्धा-पाऊण तास खर्ची पडत असे. ते अंतर आता काही मिनिटांत तुटते.

सेतूची रचना

हा सेतू सर्व लांबीत एकाच पद्धतीचा नाही. त्याचे तीन विषय विद्यार्थ्यांपुढे वेगवेगळे मांडावेत : पाया, मार्ग आणि तारांनी पेललेले भाग.

प्रथम पाया. समुद्राचा तळ सर्वत्र सारखा नसतो. येथे काही ठिकाणी कठीण कातळ लागला, तर काही ठिकाणी झिजलेला, ठिसूळ दगड लागला. म्हणून तळात मोठ्या व्यासाची भोके पाडून त्यांत पोलाद व काँक्रीट भरून स्तंभ तयार केले. अशा स्तंभांची संख्या ६०४ असून त्यांची खोली ६ ते ३४ मीटर आहे. जेथे खडक वर होता तेथे ६ मीटर पुरले. जेथे तो खोल होता तेथे ३४ मीटर जावे लागले. खोली जमिनीच्या गुणावर ठरते, ही गोष्ट विहीर खणताना गावकऱ्यांच्या अनुभवास येतेच. त्या अनुभवाशी सांगड घालून हा भाग शिकवावा.

दुसरा विषय मार्गाचा. सेतूचा मोठा भाग काठावर आधी तयार केलेल्या काँक्रीटच्या पोकळ तुकड्यांचा आहे. हे तुकडे उचलून खांबांवर एकापुढे एक जुळविले आणि त्यांच्या आतून पोलादी तारा ओवून त्या प्रचंड ताणाने आवळल्या. तारांच्या ताणामुळे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात व सर्व मिळून एका अखंड तुळईप्रमाणे काम करतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्यास सोसवत नाही. ताण सोसण्याचे काम पोलादाकडे आणि दाब सोसण्याचे काम काँक्रीटकडे, अशी ही वाटणी आहे.

तिसरा विषय सर्वांत महत्त्वाचा. नेहमीच्या भागात दोन खांबांमधील अंतर, म्हणजे गाळा, साधारणतः ५० मीटर आहे. परंतु होड्यांच्या जाण्यायेण्याच्या दोन ठिकाणी तेवढा गाळा अपुरा होता. म्हणून वांद्र्याच्या बाजूस २५० मीटरांचे दोन आणि वरळीच्या बाजूस १५० मीटरांचा एक असे मोठे गाळे ठेवण्यात आले. एवढ्या लांब अंतरावर मध्ये खांब नसताना मार्ग तोलून धरण्यासाठी उंच मनोरे उभारून त्यांच्यापासून तिरप्या पोलादी दोरांनी मार्ग टांगला आहे. वांद्र्याकडील मनोरा सुमारे १२८ मीटर उंच असून तो खाली पाय फाकलेला व वर एकत्र येणारा असा आहे. वांद्र्याच्या बाजूस २६४ आणि वरळीच्या बाजूस १६० असे मिळून ४२४ दोर आहेत.

दोरांचे कार्य समजावताना घरातील मोटेचे किंवा पाळण्याचे उदाहरण पुरेसे होत नाही. कारण येथे दोर केवळ ओझे उचलत नाहीत, ते तोलही सांभाळतात. मनोऱ्याच्या एका बाजूचा भार जेवढा, तेवढाच दुसऱ्या बाजूचा असला की मनोरा सरळ उभा राहतो. म्हणूनच वांद्र्याच्या मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंस सारखेच, २५० मीटरांचे, गाळे आहेत. तराजूच्या दांडीचे उदाहरण येथे चपखल लागू पडते.

पुलाखालची वाट

दोन्ही सेतूंच्या वरच्या वाटेचा इतिहास येथवर झाला. खालच्या वाटेचा इतिहास कमी सांगितला जातो, परंतु शिकवण्याच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

खालून जाणाऱ्यांत पहिले पाणी. मिठी नदीच्या खोऱ्यातील सर्व पावसाचे पाणी शेवटी माहीमच्या खाडीच्या मुखातून बाहेर पडते. कॉजवेच्या भरावाने हे मुख एकोणिसाव्या शतकात आक्रसले. त्यानंतर खाडीच्या दोन्ही काठांवर भर घालून वसाहती व कार्यालये झाली, नदीपात्रात अतिक्रमणे वाढली, कचरा साचला आणि पात्र आणखी अरुंद झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी भरतीची वेळ आली. समुद्राकडून येणारे पाणी आणि नदीकडून जाणारे पाणी यांची गाठ पडून मिठीच्या काठचा प्रदेश बुडाला. मुंबई व परिसरात शेकडो माणसे दगावली. या पुराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर नदीचे पात्र रुंद व खोल करणे आणि पुलांखालील पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे हे विषय ऐरणीवर आले.

एवढ्या अनर्थास एकट्या कॉजवेला दोषी धरणे न्यायाचे होणार नाही. ज्यांनी तो बांधला त्यांच्यापुढे बुडणाऱ्या होड्यांचा प्रश्न होता व तो त्यांनी सोडविला. परंतु पाण्यासाठी किती वाट ठेवावी, याचा हिशेब एकदाच करून भागत नाही. वरच्या भागात घरे, रस्ते व भराव वाढले की तो हिशेब पुन्हा करावा लागतो. तो न केल्यास पाणी स्वतःच आपला हिशेब चुकता करते.

खालून जाणाऱ्यांत दुसरे कोळी. वरळी व माहीम येथील कोळीवाडे मुंबई शहराहून जुने आहेत. कोळ्यांची वाट जमिनीवर आखलेली नसते; भरती, वारा, खडक व गाळ पाहून ती ठरते आणि बापाकडून मुलाकडे जाते. पाण्यात खांब उभे राहिले की ही वाट बदलते. सागरी सेतूचा आराखडा नंतर बदलून वरळीजवळचा मार्ग समुद्राकडे सरकविण्यात आला आणि तेथे तारांनी पेललेला मोठा गाळा घेण्यात आला, त्यामागील विचारांत मच्छीमारांचा जलमार्ग हा एक होता. तरीही उपसागरातील प्रवाह व मासळी यांवर बांधकामांचा परिणाम झाल्याची तक्रार कोळी बांधवांनी वेळोवेळी मांडली आहे.

हाच प्रश्न पुन्हा एकदा उभा राहिला तो मुंबईच्या किनारी मार्गाच्या वेळी. हा मार्ग दक्षिणेकडून येऊन वरळी येथे सागरी सेतूस जोडावयाचा होता. जोडपुलाच्या आराखड्यात खांबांमधील अंतर ६० मीटर धरले होते. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या मच्छीमारांनी त्यास हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की कागदावर ६० मीटर पुष्कळ वाटतात. पण वादळी वाऱ्यात, भरतीच्या ओढीत, जाळ्याने भरलेली होडी सरळ रेषेत जात नाही, ती आडवी लोटली जाते. समोरून दुसरी होडी आली तर दोघींनाही खांबांपासून दूर राहता आले पाहिजे. त्यांनी काम रोखून धरले. अखेर २०२२-२३ च्या सुमारास शासनाने एक खांब गाळून ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. सप्टेंबर २०२४ मध्ये किनारी मार्ग सागरी सेतूस जोडला गेला.

या घटनेत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी. अभियंत्यांकडे गणित होते आणि कोळ्यांकडे अनुभव होता. गणित चुकले होते असे नव्हे. त्यात घ्यावयाचा एक आकडा केवळ होडी वल्हविणाऱ्यासच ठाऊक होता. तो आकडा गणितात आल्यावर आराखडा बदलला. पूल बांधताना वरून जाणाऱ्यांची संख्या मोजणे सोपे असते. खालून जाणाऱ्यांस विचारावे लागते.

दोन सेतूंची तुलना

वर्गात दोन्ही सेतूंची तुलना करताना पुढील मुद्दे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावेत. कॉजवे हा खाडीच्या मुखाशी उथळ पाण्यात, भरावाचा; सेतू हा उपसागराच्या तोंडाशी उघड्या पाण्यात, खांबांचा व दोरांचा. कॉजवेचा भार मुख्यतः एका दात्याच्या देणगीने उचलला. सेतूचा खर्च सार्वजनिक महामंडळाने केला व तो पथकरातून वसूल होतो. कॉजवेवरून पायी चालणारासही जाता येते. सागरी सेतूवर पादचारी, सायकल, दुचाकी व तीनचाकी वाहनांस प्रवेश नाही. कॉजवेने पाण्याची वाट अडविली. सेतूने ती पुष्कळ अंशी मोकळी ठेवली. यावरून एक श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रत्येक सेतू कोणाची अडचण दूर करतो व कोणाची तशीच ठेवतो, हे मुलांनी शोधून सांगावे, एवढेच अपेक्षित आहे.

वर्गात घ्यावयाचे उपक्रम

१. पुस्तकांचा पूल. सारख्या आकाराची आठ-दहा पुस्तके उभी ओळीने धरून दोन्ही तळहातांनी बाजूंनी जोराने दाबावीत व तशीच उचलावीत. मधल्या पुस्तकांखाली आधार नसतानाही ती पडत नाहीत. दाब सैल करताच ती कोसळतात. तारांनी आवळलेले काँक्रीटचे तुकडे मार्ग कसा पेलतात, हे यावरून कळते.

२. दोरांचा मनोरा. एका विद्यार्थ्यास दोन्ही हात आडवे पसरून उभे करावे व प्रत्येक हातात सारख्या वजनाची पिशवी द्यावी. थोड्याच वेळात हात दुखू लागतात. आता डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून तिच्यावरून एक दोर दोन्ही मनगटांस बांधावा. भार हलका वाटतो. मग एका हातातील पिशवी काढून घ्यावी. तोल कसा जातो ते सर्वांना दिसेल. दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

३. पाण्याची वाट. शाळेच्या अंगणात हातभर रुंदीचा चर खणून त्यावर मातीचा बांध घालावा. बांधात प्रथम बांबूची एकच नळी ठेवून वरून बादलीभर पाणी सोडावे. पाणी कोठवर तुंबते आणि नळीच्या तोंडाशी माती कशी खचते ते पाहावे. नंतर चार नळ्या ठेवून तोच प्रयोग करावा. दोन्ही वेळच्या पाण्याच्या उंचीची नोंद ठेवावी. शेवटी एका नळीत पालापाचोळा कोंबून पुन्हा पाणी सोडावे.

४. गणित. अंदाजित खर्च ६६० कोटी व प्रत्यक्ष खर्च १,६०० कोटी धरल्यास खर्च किती पट झाला? ५० मीटरांचे गाळे ठेवले असते तर २५० मीटरांच्या एका गाळ्यात मधे किती खांब आले असते? १८४५ ते २००९ हा काळ किती पिढ्यांचा? अशी उदाहरणे मुलांनी स्वतः तयार करावीत.

५. गावच्या पुलाची पाहणी. हा उपक्रम सर्वांत महत्त्वाचा असून तो पावसाळ्यापूर्वी, पाणी आटलेले असताना, शिक्षकांच्या देखरेखीखालीच घ्यावा. विद्यार्थ्यांनी जवळच्या पुलाचे किंवा फरशीचे गाळे मोजावेत. दोरीने प्रत्येक गाळ्याची रुंदी व उंची मोजून वहीत लिहावी. कोणत्या गाळ्यात गाळ, फांद्या वा कचरा अडकला आहे, ते नोंदवावे. गावातील वृद्ध माणसांस विचारून आजवरच्या मोठ्या पुराची खूण कोठवर होती ते पाहावे. पुलाखालून गुरे, धनगरांच्या मेंढ्या, मासे धरणारे अथवा कपडे धुणाऱ्या बायका जात असतील, तर त्यांना कोणती अडचण येते तेही विचारावे.

या पाहणीचा तक्ता करून शाळेत लावावा व त्याची एक प्रत पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीस द्यावी. अनेक गावांत मुले ओढा ओलांडून शाळेत येतात. फरशीवरून पाणी वाहत असताना ते घोट्याएवढे दिसले तरी त्यातून जाऊ नये, हा नियम प्रत्येक मुलाच्या तोंडी असला पाहिजे. कारण वाहत्या पाण्याची ओढ त्याच्या खोलीवरून कळत नाही, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही हेही दिसत नाही. फरशीच्या कडेला खांबावर रंगाने पाण्याच्या उंचीची खूण करून घेण्याची विनंती ग्रामपंचायतीस करता येईल. खुणेवर पाणी आले, की त्या दिवशी पलीकडच्या मुलांनी घरीच थांबावयाचे, असे पालकांच्या सभेत आधीच ठरवून ठेवावे. अडकलेला गाळा ज्या मुलांनी स्वतः मोजला आहे, ती मुले तो साफ झाला की नाही हे पुढच्या वर्षी न सांगता पाहून येतील.